हाब्रेच्या गांवीं

आमच्या घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें आहेत. आणि अकराही जणांचें एका गोष्टीवर एकमत व्हावें, असा योग वर्षाकाठीं फार तर एकदां येतो. गेल्या दिवाळीच्या सुटींत कोठें जावें हा प्रश्न निघाला, तेव्हां तो योग आला नाहीं हें सांगावयास नकोच. कोणास काशी हवी होती, कोणास कोंकण, आणि आम्हांस स्वतःला घरींच आरामखुर्चींत पडून फराळाचा समाचार घ्यावयाचा होता. शेवटीं निकाल लागला तो मुलांच्या भांडणानें. आमच्या आठ वर्षांच्या पुतण्यानें, बाळूनें, एका जनावराचें चित्र काढून तें तांबड्या रंगानें रंगविलें आणि खालीं 'पांडा' असें लिहिलें. त्याचा थोरला भाऊ हंसूं लागला. "पांडा काळा-पांढरा असतो, आणि अस्वलाएवढा असतो. हें तर झुबकेदार शेपटीचें मांजर आहे!" बाळूचे डोळे भरून आले. तेव्हां माजघरांत वाती वळीत बसलेल्या आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "भांडतां कशाला? तें जनावर असेल तेथें जाऊन पाहून या. आणि मलाही न्या. काशी कोठें पळून जात नाहीं. जनावरांचें मात्र कांहीं सांगवत नाहीं."

सत्तरी उलटलेल्या आत्याबाईंनीं हा शेवटचा उद्गार सहज काढला असेल; पण पुढें त्या रानांत आम्हांस तो वारंवार आठवला.

असो. कार्तिकाच्या आरंभीं आमचा पांच जणांचा तांडा निघाला. पुणें ते कोलकाता हा प्रवास वाचकांच्या परिचयाचा असल्यामुळें त्याचें वर्णन करीत बसत नाहीं. सियालदाहून रात्रीं निघालेल्या गाडीनें सकाळीं न्यू जलपाईगुडीस उतरविलें, आणि तेथून मोटारीनें घाट चढावयास लागलों. १८८१ पासून चालत आलेल्या त्या प्रसिद्ध चिमुकल्या आगगाडीचे रूळ रस्त्याची अखेरपर्यंत सोबत करितात. कधीं ते उजवीकडून डावीकडे जातात, कधीं एखाद्या दुकानाच्या पायरीला खेटून जातात. घूम हें या मार्गावरील सर्वांत उंच स्थानक; त्याची उंची ७,४०७ फूट. तेथें आत्याबाईंनीं शालीवर घोंगडी घेतली, आणि तासाभरांत आम्ही दार्जिलिंगास पोंचलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चौरस्त्यावरून पायींच प्राणिसंग्रहालयाकडे निघालों. याचें नांव पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिसंग्रहालय. सरोजिनीबाई नायडूंच्या कन्या पद्मजाबाई या पश्चिम बंगालच्या राज्यपाल होत्या. त्यांचें नांव या संस्थेस १९७५ सालीं देण्यांत आलें, जरी तिची स्थापना १९५८ ची आहे. सुमारें सात हजार फूट उंचीवरील या जागेंत थंड प्रदेशांतलींच जनावरें मुख्यतः ठेविलीं आहेत. हिमबिबळ्या पाहिला, तिबेटी लांडगा पाहिला. पण बाळूचें लक्ष कशांतच नव्हतें. अखेर एका सखल भिंतीच्या पलीकडे, झाडाच्या दुबेळक्यांत, त्याला जें पाहावयाचें होतें तें दिसलें.

प्रथमदर्शनीं तें जनावर नव्हेच, कोणी तरी वाळत घातलेली लोकरीची बंडी वाटली. चारी पाय फांदीच्या दोन्ही बाजूंस सैल सोडून तें पोटावर झोंपलें होतें. आम्ही पाहत असतां त्यानें डोकें वर केलें, आणि आमच्या बरोबरच्या मुलांच्या तोंडून एकदमच "अहाहा!" असा उद्गार निघाला. चेहरा मांजरासारखा वाटोळा, कान टोंकदार आणि पांढऱ्या कडांचे, गालांवर पांढरे ठिपके, डोळ्यांपासून खालीं उतरलेल्या दोन तांबूस रेघा, जणूं काजळ ओघळलें आहे. पाठ पिकल्या वीटकरी रंगाची, पोट व पाय मात्र काजळासारखे काळे. शेपूट जवळजवळ अंगाएवढें लांब, झुबकेदार आणि गडद-फिक्या कड्यांचें. वजन म्हणाल तर तीन ते सहा किलो, म्हणजे घरच्या पोसलेल्या बोक्याहून फारसें अधिक नाहीं.

"पाहिलेंस ना? तांबडाच आहे," बाळू भावाकडे पाहून म्हणाला. तेव्हां न्यायनिवाडा करण्याचें काम आमच्याकडे आलें, आणि तो निवाडा बाळूच्याच बाजूनें द्यावा लागला. कारण 'पांडा' हें नांव मूळचें याच प्राण्याचें. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींतील हार्डविक नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८२१ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें या प्राण्याविषयीं निबंध वाचला. परंतु तो छापून येण्यास १८२७ साल उजाडलें. तेवढ्या अवधींत, १८२५ सालीं, फ्रेडरिक क्यूव्हिए या फ्रेंच पंडितानें त्याचें वर्णन प्रसिद्ध करून शास्त्रीय नांवही ठेविलें, आणि बारशाचा मान हार्डविकच्या हातून गेला. त्या नांवाचा अर्थ 'चकाकणारें मांजर' असा होतो. चीनच्या डोंगरांतला काळा-पांढरा मोठा पांडा पाश्चात्य शास्त्रज्ञांस कळला तो यानंतर, म्हणजे १८६९ सालीं. दोघेही बांबू खातात, दोघांच्याही पंजाला जादा आंगठा असल्यासारखा दिसतो, म्हणून धाकट्याचें नांव थोरल्याला चिकटलें. प्रत्यक्षांत मोठा पांडा हा अस्वलाच्या कुळांतला, आणि हा लहानगा कोणाच्याच कुळांतला नव्हे. त्याच्या घराण्यांत आज जगावर तोच काय तो उरला आहे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाप्रमाणें त्याच्या दोन जाती मानाव्या लागतात, एक हिमालयांतली व एक चीनकडची. पण घराणें तेंच. नेपाळी भाषेंत याला 'हाब्रे' म्हणतात. हें नांव आम्हां सर्वांस इतकें आवडलें कीं, त्या दिवसापासून आमच्यांत 'पांडा' हा शब्द बंदच झाला.

आत्याबाईंचा प्रश्न नेहमींप्रमाणें स्वयंपाकघरांतून आलेला होता. "हा खातो काय?"

तो बहुतांशीं बांबूचीं पानें खातो, आणि त्यांतही कोवळीं, टोंकाकडचीं. ऋतूप्रमाणें कोंब, रानफळें, क्वचित् पक्ष्यांचीं अंडीं यांचीही भर पडते. मौज अशी कीं, याचें पोट मांसाहारी प्राण्याचें आहे. गाईसारखीं चार कोठारें नाहींत, लांबलचक आंतडें नाहीं. त्यामुळें खाल्लेल्या पाल्यांतील जेमतेम चौथा हिस्सा अंगीं लागतो आणि बाकीचा तसाच बाहेर पडतो. म्हणून दिवसाचे दहा-बारा तास नुसते चघळण्यांत घालवावयाचे, आणि उरलेला वेळ हालचाल न करितां पडून राहावयाचें, कीं मिळालेली शक्ति वायां जाऊं नये. ज्यास आपण आळस म्हणतों तो याच्या संसारांतला काटकसरीचा जमाखर्च आहे. हें ऐकून आत्याबाई म्हणाल्या, "म्हणजे मिळकत थोडी आणि पसारा बेतानें. शहाणें दिसतें जनावर."

त्या जादा आंगठ्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. तो खरा आंगठा नव्हे. मनगटांतील एक बारीक हाड वाढून झालेला तो टेंकू आहे. त्याच्या योगानें हाब्रे बांबूची डहाळी मुठींत धरून, बसल्या बसल्या, माणसासारखी तोंडाशीं नेतो. बांबू खाण्यासाठींच हा आंगठा निघाला असेल, असें पुष्कळ दिवस समजत. पण स्पेनमध्यें माद्रिदजवळ याच्या एका प्राचीन नातेवाईकाचे लक्षावधि वर्षांपूर्वींचे अवशेष मिळाले, आणि २००६ सालीं त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या प्राण्याचे दांत बांबू खाणाराचे नव्हते. तरी आंगठा होता. अर्थात् हा आंगठा आधीं बारीक फांद्या घट्ट धरण्यासाठीं आला, आणि जेवणाच्या कामीं मागाहून आला. थोडक्यांत, हाब्रेला झाडानें घडविलें आहे. बांबूनें त्यास केवळ पोसलें.

आम्ही हें सांगत असतां तो उठला, आणि खोडावरून डोकें खालीं करून सरळ उतरला. मांजराला हें साधत नाहीं, तें पाठमोरें उतरतें. याचे मागचे पाय मात्र घोट्यांतून वळतात, त्यामुळें तो वर चढतो तितक्याच निर्धास्तपणें खालीं येतो. भिंतीजवळ येऊन त्यानें आमच्याकडे पाहिलें, हवेंत नाक फिरविलें, आणि पुन्हां वर गेला. त्या झाडावरून मात्र त्यास दुसरीकडे कोठेंही जातां येण्यासारखें नव्हतें. बाळू बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, "काका, हा येथें राहतो कीं ठेविला आहे?" या प्रश्नास आम्हीं त्या वेळीं नीटसें उत्तर दिलें नाहीं, पण त्याच दिवशीं संध्याकाळीं सिंगालीलास जाण्याचें ठरलें.

सिंगालीला ही भारत व नेपाळ यांच्या सरहद्दीवरून दक्षिणोत्तर गेलेली डोंगराची धार. तिच्या भारताकडील उतारावर ७८.६ चौरस किलोमीटरचें राष्ट्रीय उद्यान १९९२ सालीं स्थापन झालें. दार्जिलिंगाहून मोटारीनें मानेभंज्यांगला जावें. तेथें बाजाराच्या एका अंगास भारत आणि दुसऱ्या अंगास नेपाळ. तेथें परवाने घेऊन आणि वाटाड्या बरोबर घेऊन वर चढावयाचें. या दगडी चढावर पूर्वीं जुन्या लँड रोव्हर गाड्यांचें राज्य होतें. आतां बहुतेक काम नव्या गाड्या करितात. रस्ताही मोठा विनोदी आहे. घटकेंत तो नेपाळांत शिरतो, घटकेंत परत येतो, आणि शेजाऱ्यांचीं पोरें जशीं दोन्ही घरांच्या ओट्यांवर खेळतात तसा दोन्ही देशांत खेळत वर जातो. हाच पुढें पश्चिम बंगालच्या सर्वांत उंच शिखरावर, ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूवर पोंचतो. संदकफूहून कांचनगंगा दिसते, एव्हरेस्ट दिसतें, म्हणून बहुतेक लोक तिकडे धांवतात. आम्हांस तितक्या उंच जावयाचें नव्हतें. हाब्रेचा मुलूख त्याखालचा, आणि आमचा मुक्काम गैरीबास येथें होता. गैरीबास सुमारें २,६०० मीटरवर, दोन डोंगरांच्या कुशींत आहे.

आमचा वाटाड्या पंचविशीच्या आंतबाहेरचा तरुण होता. तो आम्हांस 'दाजू' म्हणजे दादा म्हणे, आणि आत्याबाईंस 'बोजू' म्हणजे आजी. त्याचें हिंदी आणि आत्याबाईंचें हिंदी यांत कोणाचें कोणास किती कळे देव जाणे. पण दोघांचें संभाषण दिवसभर अखंड चालूं असे.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही कैयाकाट्याच्या वाटेनें निघालों. तें रान शब्दांत उतरविणें कठीण आहे. ओक, चांप, भूर्ज आणि गुरांस यांचीं पुराणीं झाडें एकमेकांच्या खांद्यावर हात टाकल्यासारखीं उभीं. आणि त्यांच्या पायाशीं, माणूस बुडेल इतकें उंच, 'मालिंगो' या बारीक बांबूचें दाट बन. वर्षांतले कितीतरी महिने ढग या उतारावर मुक्कामास असल्यामुळें झाडांच्या सालीवर तसूभर जागा मोकळी नाहीं. कोठें हिरवें शेवाळ, कोठें वाळून तांबूस-पिंगट झालेलें, आणि त्यावर पांढुरक्या दगडफुलाचे झुबके. आपल्या गोड्या मसाल्यांत पडणारें दगडफूल तें हेंच, किंवा त्याचें सख्खें भावंड. हें पाहिल्यावर हाब्रेच्या वेशाचा उलगडा होतो. प्राणिसंग्रहालयांत जो रंग डोळ्यांत भरत होता तोच येथें लपण्याचा अंगरखा आहे. तांबूस पाठ शेवाळांत मिळते, गालांचे पांढरे ठिपके दगडफुलांत मिळतात, आणि काळें पोट खालून पाहणाराला फांदीच्या सावलींत दिसतच नाहीं.

वाटाड्यानें आधीं खुणा दाखविल्या. एका जाड, शेवाळलेल्या आडव्या फांदीवर बोराएवढ्या लांबट हिरव्या लेंड्यांचा ढीग होता. त्यांत पानांचे तुकडे जसेच्या तसे दिसत होते. हाब्रे ठराविक जागींच हें काम उरकतो, म्हणून त्याची शिरगणती करणारे लोक अशा जागा शोधीत फिरतात. बांबूच्या कांहीं डहाळ्यांचीं टोंकेंही नीट कातरल्यासारखीं खुडलेलीं होतीं. जनावर मात्र दिसेना. आत्याबाईंस वाटेच्या वळणावर एका उन्हाच्या कवडशांत दगडावर बसवून आम्ही बाकीचे बनांत उतरलों, आणि दीड तास कांटे, जळवा व चिखल यांखेरीज कांहीं न पाहतां परत आलों.

आत्याबाई जागच्या हलल्या नव्हत्या. हातांतली जपमाळ थांबली होती. त्यांनीं ओंठांवर बोट ठेविलें, आणि मग तेंच बोट समोरच्या झाडाकडे केलें. "मघांपासून पाहतें आहें," त्या कुजबुजल्या, "तें शेवाळ श्वास घेतें आहे."

दरीच्या कडेला एक प्रचंड ओक होता. त्याच्या निम्म्या उंचीवर, सकाळच्या उन्हांत, फांदीवर शेपूट अंगाभोंवतीं गुंडाळून हाब्रे बसला होता. आणि बुंध्याच्या बाजूस, पहिल्याच्या कुशीला लागून, आणखी एक लहान गोळा. "आई आणि पोर," वाटाड्या म्हणाला. "पावसाळ्यांत झालेलें असणार." आईनें पिलाचें डोकें चाटलें, पिलानें आईच्या शेपटीवर चढण्याचा प्रयत्न केला, घसरलें, आणि पुन्हां चढूं लागलें. आमचीं दोन्ही पोरें, तीं खरोखरच आमच्या घरचीं ना असा संशय यावा, इतकीं स्तब्ध उभीं होतीं.

यापुढची गोष्ट सांगावयास संकोच वाटतो. पण ती गाळली तर प्रवासवर्णन लिहिण्याचा आम्हांस अधिकार राहणार नाहीं. झाड व आम्ही यांत तीसएक हातांचें अंतर होतें. मोबाइलच्या चित्रांत हाब्रे म्हणजे तांबडा ठिपका दिसत होता. वाटाड्यानें आधींच बजावलें होतें कीं वाट सोडून झाडाखालीं जावयाचें नाहीं. मुलांनीं तें पाळलें. हात शिवशिवले ते आमचे. घरीं जाऊन दाखवावयास एक तरी चांगलें चित्र हवें, दोनच पावलें पुढें गेल्यानें काय होणार, असा विचार मनांत आला, आणि आम्हीं दोन पावलें टाकलीं. तिसरें पाऊल वाळक्या बांबूवर पडलें. त्या शांततेंत तो आवाज बंदुकीच्या बारासारखा झाला.

आई उठली. तिनें आमच्याकडे पाहिलें, तोंडानें बारीकसा फूत्कार केला, आणि पिलाला पुढें घालून वर चढूं लागली. ओकाच्या शेंड्याजवळची एक फांदी शेजारच्या झाडांत गुंतली होती. तीवरून ती आधीं गेली आणि थांबली. पिलूं क्षणभर त्या डुलत्या फांदीवर चारी पायांनीं मिठी मारून बसलें, मग तेंही गेलें. दुसऱ्या झाडावरून तिसऱ्यावर, आणि पाहतां पाहतां दोघें शेवाळांत विरघळून गेलीं.

कोणी कांहीं बोललें नाहीं. आत्याबाईंनीं फक्त एवढेंच म्हटलें, "बाळंतिणीच्या खोलींत दिवा घेऊन कोणी डोकावतें का रे?" त्यानंतर दुपारपर्यंत त्या आमच्याशीं बोलल्या नाहींत, आणि आमच्या वयाच्या माणसास त्याहून मोठी शिक्षा नाहीं.

रात्रीं मुक्कामाच्या स्वयंपाकघरांत, चुलीभोंवतीं, मिठाचा चहा पीत बसलों असतां वाटाड्यानें आमच्या अपराधाचें माप काढून दाखविलें. तो रागावला नव्हता. म्हणूनच तें अधिक लागलें. "दाजू, तेथें झाडाला झाड लागून होतें म्हणून ती वरच्यावर गेली. वरच्या अंगाला, जेथें मधलीं झाडें गेलीं आहेत, तेथें ती असती तर तिला खालीं उतरावें लागलें असतें. खालीं तिचें कांहीं चालत नाहीं." झाडावर जो प्राणी राजा, तो जमिनीवर सावकाश, डुलत चालणारा. खालीं बिबट्या असतो. आणि बिबट्याहूनही वाईट म्हणजे वस्त्यांवरचीं मोकाट कुत्रीं. तीं धरतातच, पण त्यांच्या अंगचा डिस्टेंपर नांवाचा रोग हाब्रेला झाला तर तो बहुधा वांचत नाहीं.

मग गोष्ट निघाली ती त्याच्या घराची. हाब्रे एरवीं एकटा राहणारा प्राणी. माघ-फाल्गुनाच्या सुमारास तेवढीं जोडपीं एकत्र येतात. ज्येष्ठ-आषाढांत, म्हणजे धो धो पावसांत, मादी बाळंत होते. त्यासाठीं तिला ढोली हवी, आणि ढोली कोवळ्या झाडाला नसते. ज्याचा गाभा कुजला आहे, ज्याचें लाकूड कोणी विकत घेणार नाहीं, असें जुनें जाणतें झाड तिला लागतें. तींत ती पानांचा व शेवाळाचा बिछाना करिते. बहुधा एक-दोन पिलें होतात. वजन शंभर-सव्वाशें ग्रॅम, डोळे मिटलेले. अडीच आठवड्यांनीं डोळे उघडतात आणि तीन महिने झाल्यावर पिलूं ढोलीबाहेर येतें. तोंवर धोका वाटला तर आई त्याला तोंडांत धरून दुसऱ्या ढोलींत नेते. म्हणजे एक घर पुरत नाहीं, चार घरें माहीत असावीं लागतात. आत्याबाई हें लक्ष देऊन ऐकत होत्या. "निरुपयोगी म्हातारें झाड तोडून टाकावें म्हणणारांनीं हें ऐकावें," त्या म्हणाल्या, आणि कोणाकडेही न पाहतां त्यांनीं चहाचा घोट घेतला.

बाळूच्या प्रश्नाचें उत्तरही त्याच चुलीपाशीं मिळालें. २००३ सालीं दार्जिलिंगच्या संग्रहालयांत जन्मलेल्या दोन माद्या याच सिंगालीलाच्या रानांत सोडण्यांत आल्या. त्यांचीं नांवें स्वीटी आणि मिनी. पिंजऱ्यांत वाढलेल्या जनावराला रान येईल काय, हाच प्रश्न होता. मिनी हिंस्र पशूच्या तोंडीं पडली. स्वीटी जगली, आणि पुढच्याच वर्षीं तिनें झाडाच्या ढोलींत पिलाला जन्म दिला. तिला ढोली कशी निवडावी हें कोणी शिकविलें नव्हतें. रान शिल्लक होतें, एवढेंच तिला पुरलें. त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं, २०२२ ते २०२४ या काळांत, आणखी नऊ हाब्रे या रानांत सोडण्यांत आले, आणि त्यांतील कांहीं माद्यांनाही पिलें झालीं. "म्हणजे तेथें ठेविले आहेत," बाळू विचार करून म्हणाला, "पण येथें राहावयाला यावेत म्हणून ठेविले आहेत." आम्हांस याहून चांगलें उत्तर सुचलें नसतें.

पण सोडावयाचे ते कोठें, हा प्रश्न आहेच. नेपाळ, भूतान, सिक्कीम, दार्जिलिंग-कालिंपोंगचे डोंगर, अरुणाचल, तिबेट, ब्रह्मदेशाचा उत्तर भाग आणि चीनचा नैर्ऋत्य भाग, एवढ्या लांब पट्ट्यांत मिळून रानांतले प्रौढ हाब्रे दहा हजारांहून कमी उरले असावेत असा अंदाज आहे. म्हणून २०१५ पासून त्यांची गणना संकटग्रस्त प्राण्यांत होते. सिक्कीमनें त्यास राज्यप्राण्याचा मान दिला आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याची शिकार बंद आहे. पण बंदुकीपेक्षां कुऱ्हाड आणि रस्ता हे त्याचे मोठे शत्रू. रान एकदम नाहींसें होत नाहीं, तें तुटतें. मध्येंच कुरण होतें, मध्येंच वस्ती, मध्यें सरपणाची वाट. आणि दोन्हीकडचे हाब्रे एकमेकांना पारखे होतात. त्यांतच मालिंग्याचा फुलोरा. कळकाला फुलोरा आला कीं दुष्काळ येतो, असें आपल्याकडे म्हातारीं माणसें म्हणत. हाब्रेच्या बाबतींत तें अक्षरशः खरें आहे. कित्येक वर्षांनीं बन एकाच वेळीं फुलतें आणि एकाच वेळीं वाळतें. रान सलग असेल तर तो शेजारच्या डोंगरावर जातो. तुटलेलें असेल तर जागच्या जागीं उपाशी राहतो. सिंगालीलाचें भाग्य असें कीं, उत्तरेस सिक्कीममधील बर्सेचें गुरांसाचें अरण्य आणि पश्चिमेस नेपाळचे डोंगर तिला लागून आहेत. माणसाची सरहद्द त्या धारेवरून जाते. हाब्रे तिला मोजीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही पुन्हां त्याच वळणावर गेलों. वाटेवरच उभे राहिलों. मोबाइल खिशांत होता. ओक रिकामा होता. पाऊण तासानें एक पिंवळ्या चोंचीचा पक्षी आला आणि गेला, ऊन फांदीवरून खालीं सरकलें, आणि आम्ही परत फिरलों. आत्याबाई म्हणाल्या, "नाहीं दिसली तें बरेंच झालें. तिनें जागा ओळखली." त्या आमच्याशीं बोलल्या, यांतच आमची यात्रा सफळ झाली.

घरीं येऊन आतां बरेच दिवस झाले. मध्यंतरीं भीमाशंकरास गेलों असतां तेथील शेकरूं एका झाडावरून दुसऱ्यावर उडी घेतांना पाहिलें. आपल्या राज्याचा हा प्राणीही फांद्यांच्या वाटेनेंच चालणारा. त्याच्याही मार्गांतलें एक झाड काढलें कीं त्याचा रस्ता बंद. पूर्वीं आम्हीं शेकरूंच पाहिलें असतें. या खेपेस आमचें लक्ष दोन झाडांमधल्या जागेकडे गेलें.

बाळूनें नवें चित्र काढलें आहे, आणि तें आत्याबाईंच्या आग्रहावरून माजघरांत लावलें आहे. कागदभर झाडेंच झाडें आहेत, एकाची फांदी दुसऱ्याला टेंकलेली. खालीं 'हाब्रे' असें लिहिलें आहे. घरीं येणारे पाहुणे विचारतात, "अरे, पण यांत प्राणी कोठें आहे?"

"आहे," बाळू सांगतो. "जवळ जाऊं नका. तेथूनच पाहा."